वक्ता क्रमांक चार

तीर्थस्वरूप आत्यास,

माझं आयुष्य मंगळवारी दुपारी पावणेबारा वाजता बदललं. पण आधी नमस्कार घे आणि गुडघा कसा आहे ते कळव. आतोबांचा खोकला थांबला असेलच (नसेल तर मी विचारत होतो म्हणून सांग, चौकशीनं त्यांना निम्मं बरं वाटतं).

मी सुखरूप आहे, म्हणजे अजून कुणाशी मारामारी झालेली नाही. कॉलेज अर्ध्यावर सोडलं तेव्हा बाबा म्हणाले होते, याच्या तोंडाला आवर नाही, याला कोण ठेवणार? मला मॅडमनी ठेवलं. त्या काय चीज आहेत, कसं सांगू तुला! कामाच्या ठिकाणी माणसं एकमेकांशी कशी बोलतात, एवढंच त्या तीस वर्षं ऐकत आल्यात. बाई बोलली तर काय होतं, पुरुष बोलला तर काय, परमुलखातून आलेला माणूस अडखळत बोलला तर काय. दवाखाने, कारखाने, बँका, सगळीकडच्या बैठका त्या परवानगी काढून टेप करतात, नावं काढून नुसते क्रमांक ठेवतात, आणि मी ते ऐकून कागदावर उतरवतो: कोण थांबलं, किती सेकंद थांबलं, कुणी कुणाला तोडलं. एका मिनिटाच्या बोलण्याला माझा तास जातो.

पण दोन सेकंदांच्या शांततेत या बाईंना जे ऐकू येतं, ते आपल्याला दोन तासांच्या भाषणात सापडायचं नाही. एका बैठकीत एक परिचारिका औषधांच्या कपाटाबद्दल काही सुचवते, कुणी हूं की चूं करत नाही. सात मिनिटांनी डॉक्टर तेच सुचवतात आणि वाहवा होते. मी म्हटलं, चोर आहे लेकाचा. मॅडम म्हणाल्या, नाही रे, त्याला खरंच वाटतंय की ते त्यालाच सुचलं. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. पूर्वी त्या एका कारखान्यात बैठकांचं इतिवृत्त लिहायच्या. एकदा जुनी वही चाळताना दिसलं, की स्वतःची सूचना त्यांनी स्वतःच्याच हातानं साहेबांच्या नावावर लिहिली होती. हे असं कसं झालं, या एका प्रश्नापायी त्यांनी नोकरी सोडून पुन्हा कॉलेजात नाव घातलं. (हे ऐकून मी त्या दिवशीचा प्रत्येक कागद दोनदा तपासला. मी, आत्या!)

तर मंगळवार. हाती आलेली बैठक ऐकून माझं डोकं सणकलं. वक्ता क्रमांक चार म्हणून एक आगाऊ माणूस क्रमांक दोनच्या बाईला एक वाक्य पुरं करू देईल तर शपथ. अकरा वेळा तोडलं तिला, आणि वर दर वेळी तिचीच बाजू घेतल्याचा आव. मी समासात लाल शाईनं लिहिलं, 'या गाढवाला हाकला', आणि कागद मॅडमच्या टेबलावर आपटला.

त्यांनी तो शांतपणे वाचला. म्हणाल्या, "ही आपली मागच्या सोमवारची बैठक आहे."

(आपल्याही बैठका टेप होतात, यावर मी सही करून साफ विसरलो होतो.) आपला आवाज यंत्रातून परका वाटतो, हे ठीक. पण मी तिचाही ओळखला नाही. जिच्याबद्दल तुला पानंच्या पानं लिहितो, जिच्यासाठी जीव टाकतो, त्या समोरच्या टेबलावरच्या संशोधिकेचा. ओळखणार कसा? मी तिचं पुरं वाक्य ऐकलंय कधी?

"यातलं एक तरी वाक्य पुढं कुठं जाणार होतं, सांगशील?" मॅडमनी विचारलं.

मी कागद वरपासून खालपर्यंत चाळला; तिची सगळी वाक्यं माझ्यापाशीच तुटली होती. त्या रागावल्या नाहीत. उतरवलंस मात्र नेमकं, म्हणाल्या, आणि लाल शाईसकट कागद फाइलला लावला.

बाकी सगळं क्षेम.

तुझा भाचा

ता. क. बाबांशी अजून बोलली नसशील, तर बोलू नकोस. तिचा होकार आहे, तू बाबांना तयार कर, असं मी मागं कळवलं होतं. काल तो प्रसंग आठवून मॅडमच्या पद्धतीनं सेकंदांसकट कागदावर उतरवला. ती म्हणाली होती, "हे बघ, तू मला आवडतोस, पण…" आणि तिथं मी तिचे आभार मानायला लागलो. चार मिनिटं.

आणखी ता. क. बोलली असशील, तर बाबांना तिच्या घरी जाण्यापासून थोपव. ते तुलाच जमतं. ती खाली टेपांच्या खोलीत एकटीच आहे. 'पण'च्या पुढं काय होतं, एवढंच विचारायचं आणि ओठ घट्ट मिटून बसायचं. हे उभ्यानंच लिहितोय. निघालो, दार लावतो.