पाखरांचं झुडूप

टाम्परे, १० ऑगस्ट १९५८

ती. आईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टर म्हणतात, बाळ सप्टेंबरच्या मध्यावर येईल. पाय सुजलेत, बाकी ठीक. ताउनोने आतापासूनच अंगणात लाल आंबट दाण्यांच्या रेडकरंटच्या झुडपासाठी खड्डा खणून ठेवलाय. शेजारीण विचारत होती, विहीर काढताय का. तू आम्हा प्रत्येकाच्या जन्माला एक झुडूप लावलंस, तसं आमच्याही बाळाचं हवं. मला बागेतलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा सगळं नीट लिही.

काल ताउनोला सांगत होते, आम्ही भावंडं तीन आणि झुडपं चार, आमच्या आईला मोजताच येत नाही. चौथ्यावर तू कधी जाळी टाकली नाहीस. लहानपणी आपल्या रेइनोने त्यातले चार दाणे तोडले तर केवढी रागावलीस, म्हणे तो पाखरांचा वाटा. पोटच्या पोरांपेक्षा पाखरांचे लाड जास्त.

लोभ आहेच, सोबत एक रोप धाड.
तुझी इल्मा

राउतालांपी, १६ ऑगस्ट

चि. इल्मास अ. आ.

शनिवारच्या टपालबसने रोप ओल्या गोणपाटात बांधून पाठवते. इथे होतं त्याहून दोन बोटं खोल लाव. फांद्या वीतभर ठेवून छाट. जीव खालीवर होईल, तरी छाट. वसंतात फुलं येतील, ती सगळी खुडून टाक, म्हणजे मुळं धरतील. नवशिक्यांचा हात तिथेच अडतो.

एक मात्र ऐक. बाळ घरात आल्याशिवाय झुडूप जमिनीत जात नाही, हा माझा नेम आहे. तोवर बादलीत, सावलीला राहू दे. आणि मोजायला मला चांगलं येतं.

पाय उशीवर ठेवून नीज, हाच माझा लोभ समज.
आई

टाम्परे, २४ सप्टेंबर

ती. आईस नमस्कार.

ताउनोची तार मिळाली असेल. मुलगी होती. केस तुझ्यासारखे तांबूस. मला एकदाच हातात दिली.

घरी आले तर बादली दारातच. ताउनो म्हणतो, खड्डा बुजवतो, रोप शेजारणीला देऊ. बाळ घरात आलंच नाही, मग लावायचं कसं, तूच सांग. दूध अजून येतंय, आई.

इल्मा

राउतालांपी, २८ सप्टेंबर

चि. इल्मास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी ते आहेत.

रोप कुणाला देऊ नकोस. आपलं चौथं झुडूप पाखरांचं नव्हे. तुझ्याआधी एक होती. सौनाच्या न्हाणीघरात जन्मली, सकाळपर्यंत राहिली. तुझे बाबा खड्डा बुजवायला निघाले, तेव्हा मी फावडं धरून ठेवलं. वसंतात फुलं आली, ती खुडणं माझ्याने झालं नाही. म्हणून ते अजून बाकीच्यांहून खुजं आहे. त्याची फळं आपण खावी असं कधी वाटलं नाही. तुम्हाला सांगायचं तर तिचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते माझ्या तोंडून निघत नाही.

जमीन गोठायच्या आत लाव. नेम माझा होता, मीच मोडते. वसंतात फुलं मात्र खुड. माझ्यासारखं करू नकोस. गाई सोडून येता येत नाही, याचं फार वाईट वाटतं.

आई

टाम्परे, ३ ऑगस्ट १९५९

ती. आईस,
सा. न. वि. वि.

वर्षभर तुला नुसतं हवापाण्याचं लिहीत आले. झुडूप जगलं. फुलं मी खुडली. ताउनो शेजारी उभा होता. पानांमागे एक घोस नजरेतून सुटला होता, तो परवा लाल झाला. काल सकाळी एक पाखरू येऊन त्यावर बसलं. मी खिडकीतच होते. काच वाजवली नाही.

आम्ही आमच्या मुलीचं नाव ‘मारित’ असं ठेवलं होतं. तुला कळवायचा धीर झाला नाही. माझ्या बहिणीचं नाव काय होतं, आई? बोलवत नसेल तर नुसतं लिहून पाठव.

तुझी इल्मा

राउतालांपी, ९ ऑगस्ट

चि. इल्मास,

लेम्पी.

तिघींवरही माझा लोभ आहे.
आई