तळातला कॉक

१२ मे
आजही नाही फिरला. रॉकेल पाजलं, डिझेल पाजलं, चिंचेच्या कोळात भिजवलेलं फडकं रात्रभर बांधून ठेवलं. पितळेत ताक ठेवल्यावर चढतो तसा हिरवा कळंक, वर कडक क्षार. ह्यांची शिस्त होती, बोट काठाला लागली की आधी तळातला कॉक बंद, मग बिडी. त्या दिवशी तो बंद करता करताच ह्यांना लकव्याचा झटका आला. तेव्हापासून कोणी हात लावला नाही, अर्धा उघडा तो उघडाच बसला. धरणाचं पाणी ओसरलंय म्हणून बोट चिखलावर टेकलीय. पाणी चढलं की कॉकातून आत शिरणार, जागेवरच बुडणार.
मी घरी आले की खाटेवरून ह्यांचं एकच. "फिरला?"
नाही म्हटलं की भिंतीकडे तोंड. ताट तसंच परत.

१४ मे
भावजी आले. मुद्दाम मोठ्याने, ह्यांना ऐकू जाईल असं. "वहिनी, काऊन जिवाचा आटापिटा करून राह्यल्या? देऊन टाका भंगारात. दादाले आता का बोट चालवता येते?"
माणूस जिवंत असताना लोक त्याची आवराआवर करतात. रात्री ह्यांनी पाणीसुद्धा नाकारलं. डॉक्टर म्हणतात खायला घाला. कसं घालू?

१७ मे
सलीमभाई मोताळ्याहून गॅस घेऊन आले. ट्रॅक्टरचं वेल्डिंग करतात, ह्यांचे लहानपणचे दोस्त. "भाभी, असे नट मी चुटकीत काढतो. गरम केलं का सुटलंच समजा."
ट्रॅक्टर लोखंडाचा. बोट फायबरची. हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही! कॉक लाल व्हायच्या आधी भोवतालचा तळ पापडासारखा फुगला, काळा झाला, घाण वास. आगीतून फुफाट्यात. सलीमभाई चिखलात मटकन बसले. "दोस्ताची नाव मीच जाळली, भाभी."
मला रागही आला नाही. तेवढं बळ कुठे.
कॉक आता हलतो. जळक्या तळासकट हलतो.

संध्याकाळ
"फिरला?"
हो म्हणाले मी. तोंडातून गेलंच.
हे अर्ध्या तोंडाने हसले. पिठलं-भाकरी मागितली. पुन्हा वाढून घेतलं. मी चुलीपाशी रडले.

१९ मे
हे खाट धरून उठून बसले. डाव्या हाताने माझं मनगट धरून पिळतात, कॉक बंद करायचा सराव. "मले ने तथी. मी बंद करतो."
सलीमभाईंना फोन केला. उचलत नाहीत.
भावजी तर हरखलेत. भावाला बसलेलं बघून डोळे भरून आले त्यांचे. "दादा, उद्या ऑटो आणतो. तुले बोटीवर नेतो." भंगाराचं नावही नाही. वाईट माणूस नाही तो, हेच अवघड.
सांगायचं होतं. दोनदा तोंड उघडलं. ह्यांनी दोन्ही वेळा घास मागितला.

२० मे, सकाळ
ह्यांनी दाढी करून घेतली. ठेवणीतला शर्ट घातला. ऑटो दारात. भावजींनी आणि ऑटोवाल्याने उचलून बसवलं. चहाचं आधण ठेवते म्हणून मी आत आले, हे लिहितेय.
बाहेरून ह्यांचा आवाज. "शोभे, चाल ना वं. ऊन होऊन राह्यलं."
कितीतरी महिन्यांनी नाव घेतलं माझं.
थांबवायचं तर आत्ताच. तोंड उघडत नाही.