दोन मीटर लेस

२१ डिसें., रवि.
ताई आली. तीन वर्षांनी. स्टेशनावर दोन बॅगा, एका हाताला इरा, खांद्यावर ओम झोपलेला. दाजींना सुट्टी न्हाई, ते तिकडंच, मेक्सिकोत, गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात. इरा सातची झाली, ओम चारचा. माझ्या डोक्यात मात्र एकच. सोनालीला बघायला परतूरचा पोरगा येणार, ४ तारखेला. (इथून पुढं नुसतं सो. आईच्या हाती वही लागली तर मेलो.)

घरात शिरताच इरानं आईच्या गालाला गाल लावून पापा घेतला. मंग शेजारच्या काकूंचा. मंग आबांचा. आबा स्टीलच्या मिलमधून आल्ते, खांबासारखे उभे राह्यले. नंतर हळूच गाल चाचपला. ताई म्हणे, तिकडं रीतच आहे, वर्गात शिरलं की मास्तरणीला बी. न दिला तर शिष्ट म्हणतात.

२३, मंगळ.
ताई भाकरी थापता थापता बोलत होती. रविवारी पोरांना घेऊन चौकात जाते. फुगेवाले असतात, पेल्यात मक्याचे गरम दाणे, वर लिंबू, चीज, तिखट. "पोरं खुश रे. मी बाकावर बसते. बाकीच्यांच्या संगं आज्या असतात, माझ्या संगं पर्स." मागं ओम तापला तेव्हा डॉक्टर काय म्हणतो ते हिला कळंना. इरानं डॉक्टरचं आईला सांगितलं, आईचं डॉक्टरला. तेव्हापासून दुकानात, बसमध्ये, शाळेत, सगळीकडं इराच बोलते.

मंग मी सो.चं सांगितलं. सगळं. इरा तिथंच चित्र काढून राह्यली होती.
ताई: "जातीबितीचं काही?"
"न्हाई, आपल्यातलेच. अडचण मीच आहे. कॉलेज सुटलेला, वर भांडखोर म्हणून नाव."
"माझं विमान पाच तारखेला. बघते काहीतरी."
बघते म्हणजे काय? कधी बघते?

२५, गुरु.
लिहायची बी लाज वाटते.
कंपनीत सेकंड शिफ्ट, म्हणून सकाळी इराला गाडीवर घेऊन मस्तगडला गेलो. सो.च्या वडिलांचं अस्तर-लेसचं दुकान. निमित्त: इराच्या फ्रॉकला लेस. सो. गल्ल्यामागं. तिचे वडील, काका, माप घेत होते, दोन बायका गिऱ्हाईक.
इरानं काकांचा हात ओढून त्यांना वाकवलं अन् पापा घेतला. काका हसले! "अगं बापरे, कुठली गं तू?" मला वाटलं, काम झालं. मंग आत जाऊन सो.चा घेतला. मंग माझ्याकडं वळून, मोठ्यानं:
"मामा, तुझा राह्यला."
"चल इरा."
"असं नसतं करायचं. तिला वाईट वाटेल. आईला सांगत होतास ना, हीच तुझी सोनाली?"
बायकांनी एकमेकींकडं पाह्यलं. सो.ची मान खाली. काकांनी हातातला टेप ठेवला.
"लेस किती पाहिजे?"
"दोन मीटर."
स्वतः कापली, पुडी बांधली. "पुन्हा लागली तर कुणाला बी पाठव. तू येऊ नको."
गाडीवर इरा विचारत होती, मी चुकले का? न्हाई म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

२६, शुक्र.
सो.चा फोन, दोन मिनिटं. बाबा तिच्याशी बोलून न्हाई राह्यले. "चार तारखेला ते येणार म्हणजे येणार. तुला काय करायचं ते कर, पण हात उचलायचा न्हाई. कुणावर बी." म्हणलं, मी कुठं उचलतो? तिनं फोन ठेवला.

२८, रवि.
वाटूरला शेतात हुरडा. आबा शिफ्टला गेलेले. ताईनं सो.च्या घरच्यांना बोलावणं धाडलं होतं, आईच्या नावानं. आले न्हाईत. रस्त्यावरून टेम्पो वळला की मी उभा राहायचो.
ओमनं तिखट लावून हुरडा खाल्ला, म्हणे चौकातल्या मक्यासारखाच लागतो. तिकडं संध्याकाळ होती आदल्या दिवसाची. दाजी व्हिडिओवर दिसले, त्याच बाकावर एकटे बसलेले. ओमनं त्यांना फोनवर हुरडा चारला.
चुलतभाऊ म्हणाला, "लेस कशी निघाली मग, नवरदेव?" गावापर्यंत पोचलंय. मी हुरड्याचं ताट उचलून फेकलं. त्याला लागलं न्हाई. पण ओम इतका दचकला की ताईच्या पदरात शिरून रडला. दिवसभर माझ्याकडं आला न्हाई.
ताई: "चार वर्षांचं पोर तुला भितं. त्या माणसानं पोरगी द्यावी?"


३०, मंगळ.
ताई हुरड्याची पिशवी घेऊन मस्तगडला गेली. मी कंपनीच्या गेटातून आत कधी गेलो ते कळलंच न्हाई, बियाण्याच्या पाकिटांवर लेबलं उलटी लावली. सुपरवायझर बोलला. गप ऐकून घेतलं. माझं मलाच नवल.
घरी आलो तर ताई खुश. तिकडची रीत समजावून सांगितली. काका म्हणे, तुमच्या पोरीवर राग न्हाई, पोरगी गोड आहे. पोरगा काय करतो?
"मंग तू काय सांगितलंस?"
"म्हणलं, शिकतोय. तिसऱ्या वर्षाला आहे."
"ताई!"
"ओरडू नको, ओम झोपलाय. शुक्रवारी मार्कशीट घेऊन ये म्हणालेत. पहिल्या वर्षाची आहे ना तुझी? तीच दाखव. त्यांचा तरी चष्मा कुठं जागेवर असतो."

१ जाने., गुरु.
मार्कशीट काढली. पास, सगळ्या विषयांत. दाखवली तर चालून जाईल. सहा महिने, वर्षभर. मंग कळंल तेव्हा? तेव्हाचं तेव्हा. न्हाई. पण रविवारी परतूरचा येतोय. सो.ला विचारावं तर फोन बंद.

२, शुक्र.
गेलो. मार्कशीट खिशात.
"बस," म्हणाले. बसलो न्हाई. बसलो असतो तर खोटं बोललो असतो.
"काका, ताई चुकीचं बोलली. कॉलेज सुटून दीड वर्ष झालं. बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगला आहे."
कात्री अस्तरात अर्ध्यावर थांबली. "का सोडलं?"
"मारामारी केली. माफीचा अर्ज मागितला, दिला न्हाई."
"कशापायी मारामारी?"
सो. गल्ल्यामागं. ज्याला मारलं तो पोरगा कँटीनमध्ये तिच्याबद्दल जे बोलला ते इथं, बापासमोर, तिच्या नावासकट...
"सांगता येत न्हाई का सांगायचं न्हाई?"
"सांगायचं न्हाई."
त्यांनी अस्तर शेवटपर्यंत कापलं. घडी घातली. मंग म्हणाले, "रविवारी दुपारी पाहुणे येणार. तू सकाळी ये. बहिणीला आणू नको. वडिलांना आण."
हे हो आहे का न्हाई? ताईला बी सांगता येईना.

३, शनि.
आबांना न्यायचं, तर त्यांना काहीच माहीत न्हाई. कॉलेज सुटल्यापासून आमचं बोलणं म्हणजे जेवलास का, गाडीत पेट्रोल आहे का. संध्याकाळी ताई बॅगा भरत होती, तिथंच सांगितलं. सो.चं, लेसचं, काकांनी त्यांना बोलावलंय ते, सगळं.
आबा: "कॉलेजात नेमकं काय झाल्तं, ते आधी सांग."
दीड वर्षात पहिल्यांदा विचारलं. सांगितलं. तो काय बोलला तेही. आबा उठून बाहेर गेले. जेवताना बी माझ्याकडं बघितलं न्हाई.

४, रवि., सकाळी ७
आबा आंघोळीला गेलेत. येणार का न्हाई, बोलले न्हाईत. विचारायची हिंमत न्हाई. आज मिलमध्ये त्यांची फर्स्ट शिफ्ट होती, ती कधीच सुरू झाली. पण उशिरा बी जातात कधी कधी. खुंटीवर दोन शर्ट. मिलचा निळा, ठिणग्यांनी भोकं पडलेला. अन् लग्नाकार्याचा पांढरा.
बादलीचा आवाज थांबला.