मागच्या सीटवरचे अठ्ठावन्न किलो

तंजावर,
बुधवार

चि. सौ. सुप्रभा हिला तिच्या भामावहिनीचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिना चढू देतो की अजून पायरीपायरीला कुरकुरतो, ते कळव. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. (तुझे अण्णा जरा जास्तच बरे आहेत, आणि पत्राचं कारण तेच आहे.) फोन केला असता, पण यांना हल्ली फोन स्पीकरवर टाकून माझ्या वाटची उत्तरं द्यायची सवय लागली आहे. मराठी पत्र मात्र मी यांच्या कॉफीच्या पेल्याशेजारी उघडं ठेवून खुशाल लिहू शकते. या घरात मराठी सगळेच बोलतात, पण वाचतात तमिळ; देवनागरी वाचणाऱ्या आपण दोघीच. मला आजीने शिकवली आणि कॉन्व्हेंटातल्या सिस्टरने हिंदीच्या तासाला घोटून घेतली. तुझं पुण्याला लग्न ठरलं तेव्हा तू दारच्या तिण्णैच्या ओट्यावर बसून अंकलिपी गिरवायचीस, आणि तुझे अण्णा येताजाता तुझ्या 'ळ'ला जिलबी म्हणायचे. ती अंकलिपी गेल्या दिवाळीपर्यंत माडीवरच्या कपाटात होती. आता दिसत नाही, वाळवीने खाल्ली असावी.

तर तुझ्या गिरीशने मामावरच्या मायेने मोटारसायकलसाठी तो नवा पांढरा बल्ब पाठवला, तिथून हे सगळं सुरू झालं. जुना बल्ब म्हणजे समईच होती. पस्तीस वर्षं आम्ही त्या पिवळ्या उजेडात दर गुरुवारी तिरुवैयारूहून परत येत होतो आणि कधी कुणाच्या अंगावर गेलो नाही. (एकदा भाताच्या पेंढ्यात गेलो होतो, पण तेव्हा दुपार होती.) मी तिथे गाण्याच्या मामींकडे शिकते, हे तुला माहीत आहे. या वयात माझा आवाज कुठे पोचणार नाही हे मामींनाही माहीत आहे. खरं सांगू का, मी गाण्यासाठी जातच नाही. घरात टीव्ही बोलतो आणि आम्ही ऐकतो. मोटारसायकलवर मात्र हे बोलतात. जाताना पाच नद्या लागतात आणि येताना त्याच पाच. वडवारूवर हे जेवणाबद्दल बोलतात, वेण्णारूवर ऑफिसातल्या जुन्या भांडणांबद्दल, आणि कुडमुरुट्टीचा पूल आला की कधीकधी तुमच्या आईबद्दल. मान वळवता येत नाही म्हणून पुढे बघून बोलतात. त्यामुळेच बोलतात, असं मला वाटतं.

नवा बल्ब लावून पहिल्या गुरुवारी निघालो. येताना अंधार पडला आणि यांनी दिवा लावला, तर रस्ता काळाच, आणि झाडं मात्र लग्नघरासारखी उजळलेली. पुलापाशी चिंचेवर झोपलेले बगळे उठून बसले. समोरून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने यांच्या सात पिढ्यांची चौकशी केली. एक सायकलवाला डोळ्यांवर हात धरून शांतपणे कालव्याच्या कडेला उतरला आणि तिथूनच तमिळमध्ये जे बोलला ते आम्हाला कॉन्व्हेंटात शिकवलेलं नव्हतं. घरी पोचलो तर उजेड थेट समोरच्या भरद्वाजांच्या खिडकीतून आत. ते बाहेर येऊन म्हणाले, "राव, हा दिवा आहे की कोर्टाचं समन्स? घरात शिरून माणसाला धरतो."

तुझे अण्णा पब्लिक वर्क्सचे. त्यांनी उभ्या जन्मात वाकडी रेघ खपवून घेतलेली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेप, खडू आणि पाणसळ बाहेर आली. गाडी सपाट जागेवर, चाकांत पुरती हवा, भिंतीपासून पंचवीस फूट लांब. दिव्याच्या उंचीला भिंतीवर खडूची आडवी रेघ. उजेडाचा झगझगीत भाग त्या रेघेच्या चार बोटं खाली पडला पाहिजे. नाही पडला तर दिव्याखालचा स्क्रू फिरवायचा. पण गाडीवर नेहमीची माणसं बसलेली हवीत, कारण मागे वजन आलं की मागचं चाक दबतं आणि दिवा नाक वर करतो. पंचवीस फुटांवर भिंत भरद्वाजांचीच होती आणि हे स्वतः तिथे खडू घेऊन उभे. म्हणून यांच्याच अंगकाठीचे भरद्वाज पुढे बसले, आणि मला हाक आली, "अगं, बस मागे."

आता भर संध्याकाळी, सगळी गल्ली दारात उभी असताना, मी शेजाऱ्याच्या पाठीमागे बसू? मी नाही म्हटलं. भरद्वाजांनी माझ्यापेक्षा आधी नाही म्हटलं. तेव्हा हे म्हणाले, "ठीक आहे, तिच्या वजनाचं पोतं ठेवू." ओरत्तनाडूच्या शेतावरचा तांदूळ आलाच होता, आणि कोठीत काटा आहे. मग टेप गळ्यात टाकून, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा सरकारी आवाजात, "तुझं वजन किती?"

जयलक्ष्मी भरद्वाज फुलं ओवायची थांबली. सिस्टर आम्हाला सांगायच्या, उत्तर मोठ्याने, स्पष्ट आणि पूर्ण वाक्यात द्यावं. मी म्हटलं, "माझं वजन अठ्ठावन्न किलो आहे." जयलक्ष्मी म्हणाली, "मग मी अजून शाळेत जाते." सुप्रभे, ते खोटं नव्हतं, फक्त जुनं होतं. ही मोटारसायकल घेतली त्या वर्षी माझं वजन अठ्ठावन्नच होतं. गाडीची कागदपत्रं त्या वर्षाची चालतात, तर माझीच का नाही?

अठ्ठावन्न किलो तांदूळ नीट मोजून दोरीने सीटला बांधला. स्क्रू फिरला, उजेड रेघेखाली चार बोटांवर येऊन बसला, भरद्वाजांनी टाळ्या वाजवल्या. गुरुवारी मी बसले आणि बगळे पुन्हा उठले.

यांना रात्री झोप लागेना. (मला लागत होती, पण लाजेखातर जागी राहिले.) पोतं ठेवलं की उजेड बरोबर, मी बसले की झाडावर. दर खेपेला घरी आलो की हे भरद्वाजांच्या भिंतीपुढे गाडी थांबवून म्हणतात, "जरा उतरू नकोस," आणि नुसते समोर बघत राहतात. मला वाटायचं, या वयात माया दाटून आली असेल. तीन आठवडे स्क्रू, बल्ब, रस्ता, सगळ्यांवर आरोप झाले. एकाच गोष्टीवर झाला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. या माणसाने माझ्या आकड्यावर शंका म्हणून घेतली नाही. शेवटी सोमवारी निकाल लागला. मागच्या स्प्रिंगा म्हाताऱ्या झाल्या आहेत, आता ही गाडी एका माणसाची. मी यापुढे तिरुवैयारूला बसने जावं, जयलक्ष्मीची सोबत आहे.

बसमध्ये मला खिडकी मिळेल, जयलक्ष्मी मिळेल, पाच नद्याही मिळतील. पण कुडमुरुट्टीच्या पुलावर मला कोण काय सांगणार?

असो. घरातल्या सर्वांना माझे आशीर्वाद सांग.

तुझी,
भामावहिनी

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. गिरीश इंजिनीयर आहे, त्याचं हे ऐकतात. त्याला सांग, मामाला फोन कर आणि म्हण की या जातीच्या बल्बाला मागच्या माणसाच्या वजनात दहा किलो मिळवून सेटिंग करायचं असतं, वाऱ्यासाठी. कारण काहीही दे, दहा किलो मात्र नक्की दे. (अडुसष्ट. हे तुझ्यामाझ्यात.)

ता. क. दुसरा, गुरुवार, परत आल्यावर : गिरीशला फोन करू देऊ नकोस. आज पहाटे अंधारातच यांनी भरद्वाजांना आणि पोत्याला बसवून पुन्हा एकदा मोजलं, आणि स्क्रू थोडा खाली घेतला. संध्याकाळी स्वतःच म्हणाले, "चल, बसने कशाला जातेस, शेवटचं बघू." मी बसले, आणि येताना अंधारात एकही बगळा हलला नाही. उजेड शहाण्या मुलासारखा रस्त्यावर. मी विचारलं, काय केलंत? तर म्हणाले, "तांदूळ ओल धरतो, त्यामुळे पोत्याचा हिशोब चुकत होता." बिचाऱ्यांना काही कळलं नाही. कुडमुरुट्टीवर तुमच्या आईच्या हातच्या लोणच्याबद्दल बोलले. पत्र उद्या सकाळी हेच पोस्टात टाकतील. पाकीट उघडंच देते आहे, डिंक संपला आहे.

(पेन्सिलीने, खाली)

सुप्रभे, अक्षर वाइट आहे. तुझ्या अंकलिपीवरून शीकतो आहे. तांदूळ कोरडा होता. ही बसल्यावर भिंतीवर उजेड कुठे पडतो ती खूण धरून ठेवली होती, तिथे उजेड येईपर्यंत पोत्यात भर घालत गेलो. एकाहत्तर. हिला सांगू नको, लाजून ही बसने जाइल. पाच नद्या मी एकटा काय बोलू.
अण्णा