येतो बरं का, मंडळी

नेवासा, १२ फेब्रुवारी १९७३

तीर्थरूप दादा, नेवाशाहून इंदूचा नमस्कार.

मी बरी आहे. शाळा नीट चाललीय, डबा संपवते. तुम्ही गोळ्या घेता ना?

काल इथल्या तंबूत अवकाशयानाचा तो गमतीचा सिनेमा पाहिला, पाचवा भाग. आधीचे चारही आईबरोबर नगरला पाहिलेले. इंग्रजी कळत नसूनही ती किती हसायची! इथे तंबूवाला माइकवर मराठीत सांगत होता. यान निघालं तेव्हा कप्तानाच्या तोंडी त्याने घातलं, “येतो बरं का, मंडळी!” सगळे हसले. मला हसू आलं नाही, रडूही नाही.

दादा, शेवटचं दवाखान्यात निघताना आई ‘जाते’ म्हणाली होती. ‘येते म्हण’ असं तिला कुणीच सांगितलं नाही. मी ऐकलं होतं. तुम्हीही ऐकलं होतंत का?

तुमची,
इंदू