तुझ्या घणाचा दांडा

विटा, रविवार

प्रिय आई,

काय झालं ते आधी क्रमाने सांगते.

१. तू गेल्यापासून भट्टी बंद होती. आप्पा दिवसभर उंबऱ्यावर बसून असायचे.
२. दादा सोनं गाळायच्या दुकानात कामाला मद्रासला गेला. घण मारायला घरात कोणी उरलं नाही.
३. मी आप्पांना म्हटलं, "मला सुरीचं पातं घडवायला शिकवा. सांडशी आणि हातोडी मी धरते, घण तुम्ही मारा."
४. पाती बिघडत गेली. मी कारण शोधलं. कारण तुझ्या घणाचा दांडा आहे.
५. दांडा बदलू या म्हटलं, तर आप्पा म्हणाले, "तिला इचार."

म्हणून हे पत्र.

हसू नकोस! साताऱ्याच्या कारखान्यात मी दुसऱ्यांनी केलेल्या पोलादाचा कडकपणा मोजते आणि सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने घरी येते, आणि वारलेल्या आईला पत्र लिहिते. पण तू समोर असतीस तर मी एवढंही बोलले नसते. हे तुला माहीत आहेच.

खरं सांगायचं तर मला सुरी नको होती. आप्पांना उंबऱ्यावरून उठवायचं होतं. "जेवा", "फिरून या" असं सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. "शिकवा" म्हटल्यावर मात्र ते उठले. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा शोधून आणला, भट्टी पेटवली, आणि सवयीने सांडशीच्या बाजूला जाऊन बसले. मी तिथेच उभी राहिले. मग त्यांनी घणाकडे बघितलं. जरा वेळ लागला, पण उचलला.

बाप घण मारतो आणि लेक सांडशी धरते, हे गल्लीत कोणी पाहिलेलं नाही. शेजारच्या सखूमावशी दारातूनच ओरडल्या, "आवं आप्पा, लेकीच्या हाताखाली घण मारताय व्हय?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "हिच्या आयनं माझ्या हाताखाली जलमभर मारला, तवा तू च्या प्यायला यायचीस. हसायला न्हाई आलीस कवा."

सखूमावशी आत गेल्या. पण थोड्या वेळाने चहा घेऊन आल्या हं!

पहिलं पातं केळ्यासारखं वाकलं. धारेची बाजू ठोकून पातळ केली की तिची लांबी वाढते आणि पातं पाठीकडे वळतं. हे मला माहीत होतं. म्हणून आधी त्याला उलटा बाक द्यायचा असतो, हेही माहीत होतं. पण लाल लोखंड समोर आलं आणि मी विसरले. आप्पा खूश झाले. "सांगलीच्या डिप्लोमानं इळा केला गं! केळी तोडायला झाला!" तू गेल्यानंतर ते तेव्हा पहिल्यांदा हसले.

दुसऱ्यांदा वेगळंच घडलं. मी घाम पुसायला हातोडी ऐरणीच्या कडेवर टेकवली. दोनदा टणटण वाजलं. आप्पा घण वर धरून तसेच थांबले. लोखंड काळं पडत चाललं होतं.

"थांबलात का?"

"तूच थांब म्हनालीस की!"

"मी काही बोलले नाही."

"हातोडी बोलली."

लहानपणी मी तुम्हा दोघांना हे करताना रोज पाहिलं होतं. हातोडी लोखंडावर पडली की तिथे घण मारायचा, ऐरणीवर वाजली की थांबायचं. तुमचं भांडण झालं की दोन-दोन दिवस तुम्ही एकमेकांशी बोलायचा नाहीत, पण काम कधी अडलं नाही. ही काय युक्ती आहे ते मला आत्ता कळलं. भांडायचंही आणि दिवसभर बोलायचंही!

एक राग मात्र आहे. दुष्काळाच्या वर्षी रस्त्याच्या कामावरच्या पहारी-कुदळींचा ढीग दारात लागायचा. तू सकाळपासून घण मारायचीस. मी मदतीला आले की म्हणायचीस, "ह्या दांड्याला हात लावायचा न्हाई. ह्यो माझा हाय. तू सांगलीला जा, शीक." मी गेले, शिकले. पण खांदा दुखतो हे तू कधी का सांगितलं नाहीस? कावीळ डोळ्यांत उतरेपर्यंत आजारही कळू दिला नाहीस. मी एवढी परकी होते का गं?

असो. आता दांड्याचं.

घडवलेल्या पात्यांची मी तपासणी केली. सगळी एकाच बाजूला दबलेली होती, म्हणजे घण सपाट न पडता तिरपा पडत होता. मग मी आप्पांचे हात पाहिले. तुझ्या बाभळीच्या दांड्यावर तू जिथे धरायचीस, तिथे लाकूड झिजून दोन खोलगट जागा झाल्या आहेत. आप्पा त्या दोन्ही जागा सोडून धरतात. हात नको तिथे पडतात. शिवाय दांडा तुझ्या उंचीला बेतलेला, त्यांना वीतभर आखूड. ते वाकून मारतात. आता कंबर धरली आहे, रात्री कूस बदलताना कण्हतात. विचारलं की म्हणतात, "काय न्हाई, वय झालं."

मी म्हटलं, "निदान त्या जागी तरी धरा."

"तिथं तिचा हात हाय," ते म्हणाले, आणि भाता नीट करायच्या निमित्ताने पलीकडे गेले.

असंच चाललं तर महिन्याभरात घण सुटेल. घण सुटला की उंबरा. मला ते पुन्हा पाहायचं नाही. पोलादाचा कडकपणा मोजता येतो, आप्पांचं दुखणं मोजता येत नाही.

सुताराला मी लांब दांड्याचं माप दिलं आहे. अमावस्येला भट्टी बंद असते, त्या दिवशी तो बसवून देईल. पण तुझा होकार आल्याशिवाय आप्पा घण देणार नाहीत.

जुना दांडा कोणी भट्टीत घालणार नाही, हा माझा शब्द. त्याची मूठ करून सुरीला लावायचीही माझी इच्छा नाही. तो तुझ्या मापाचा आहे, तेवढाच राहील. मी दर सुट्टीला येईन. आप्पा मारतील तोवर सांडशी धरीन, आणि त्यांनी मारायचं थांबवलं तर घणही शिकेन. त्या वेळी मात्र तू नाही म्हणू नकोस.

उत्तर मला नको, आप्पांना दे, त्यांना समजेल अशा कुठल्याही रीतीने. अमावस्येच्या आदल्या संध्याकाळपर्यंत कळव.

तुझी,
शालन