विहीणबाईंचा पट्टा

३ तारीख, सोमवार
आले एकदाची लेकाच्या घरी! नवा गुडघा, नवी खोली, खिडकीत छान ऊन. जन्मभर शाळेत पोरींना कवायत शिकवली, आता फिजिओ मला चालायला शिकवणार. बरी झाले की इथून चालत निघायचं आणि थेट आपलं घर गाठायचं, हे सगळ्यांना ठणकावून सांगितलंय. सुनेने गुडघ्याला एक पट्टा बांधला. पाऊल चुकलं की थरथरतो, बरोबर पडलं की गप्प. तिच्या आईचा, म्हणजे आमच्या विहीणबाईंचा. गुडघा बदलल्यावर त्या याच खोलीत होत्या, इथेच वारल्या. चांगली वस्तू पडून कशाला राहू द्यायची, असं सून म्हणाली. मलाही पटलं.

६ तारीख, गुरुवार
पट्टा भलताच खाष्ट आहे. टाच टेकवून ताठ चालले की थरथरतो. पाय जरा फरफटवला, मध्येच थबकले, की खूश. कवायतीच्या बाईंना हे म्हणजे डोक्याला ताप! पण यंत्रापुढे आपलं शहाणपण कशाला पाजळा, म्हणून निमूट ऐकतेय.

१० तारीख, सोमवार
स्वयंपाकघरात गेले तर सुनेच्या हातातलं पातेलं पडलं. रडायलाच लागली. म्हणाली, अहो आई, अगदी आमच्या आईची पावलं वाजली. मला भरून आलं, तिला जवळ घेतलं. मग तिने पुन्हा चालून दाखवायला सांगितलं. मग आणखी एकदा. डोळे मिटून ऐकत होती.

१३ तारीख, गुरुवार
फिजिओने कपाळावर हात मारला. पट्ट्यात विहीणबाईंचंच चालणं साठवलेलं, तेही शेवटच्या दिवसांतलं. इतके दिवस तो मला तेच शिकवत होता. त्याने पट्टा काढून घेतला आणि आता तुमचं तुम्ही चाला म्हणाला.
चालले. फरफट, थबकणं, फरफट. पाय माझं ऐकेना. दुसराही तसाच — त्याला तर पट्टा कधी बांधलाच नव्हता.

१५ तारीख, शनिवार
कवायतीचे आकडे मोठ्याने म्हणत चालले. पाय मात्र विहीणबाईंच्याच तालावर. सून मागे मागे असते. तिचं ‘अहो’ गेलं, आता नुसतं आई, तू. विहीणबाईंची शाल माझ्या खांद्यावर घातली. नको म्हटलं तरी — मला भीती वाटते. लेकाला सांगून उद्याच घरी जाते.

१६ तारीख, रविवार
लेक दाराशी पाठमोरा बूट घालत होता. मी गेले. चाहूल लागताच म्हणाला, सासूबाई, सावकाश.
अरे, मी तुझी आई — मला घरी सोड —
वळला. नीट पाहिलं माझ्याकडे. हसला. म्हणाला, आई तर सकाळीच गेली. मीच गाडीत बसवून दिलं. तुम्ही आत जाऊन पडा.
मग गाडीत कोण —
सून हाक मारतेय. मला नाही. मी ओ देणार नाही. पाय उठतायत — मी बसलेय, घट्ट धरून बसलेय, तरी —